एकशे एक अंजनांचा माळ

मी आयुष्यात एकदा शंभर मोठी झाडं एका मिनिटात उभी केली, आणि दोन महिन्यांनी तीच झाडं मी परस्पर विकली असा माझ्यावर संशय आला. दोन्ही वेळा माझ्या हातात पेन्सिलीखेरीज काही नव्हतं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. जंगल खात्यात गार्ड म्हणून मी नुकताच चिकटलो होतो आणि पहिली नेमणूक मिळाली ती एरंडोलच्या पुढे, पद्मालयाच्या डोंगराआडच्या एका गावात. मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्याकडे झाड लावावं लागत नाही, आवरावं लागतं. ओली छत्री भिंतीला टेकवून ठेवली तर दुसऱ्या दिवशी दांड्याला पालवी. माझे एक काका श्रावणात ओटीवर जरा जास्त वेळ लवंडले, तर त्यांच्या खांद्यावर मिरीचा वेल चढला. तो त्यांनी काढला नाही, कारण मिरी चांगली होती.

अशा मुलखातून आलेल्या माणसाला ऐन वैशाखात खानदेशातला माळ दाखवला. दोन-अडीच मैल लांब, नजर पोचेल तिथपर्यंत काळा, कारण होळीच्या सुमाराला गावानं गवत पेटवून दिलेलं. एका अंगाला काळी कसदार जमीन, दुसऱ्या अंगाला तांबडा मुरूम, आणि दोन्हींवर सारखीच राख. मला वाटलं, इथं पाऊस पडत नाही म्हणून झाडं नाहीत, संपला विषय. कोकणात वाढलेल्या माणसाला झाडांबद्दल एवढं एकच शास्त्र ठाऊक असतं.

पहिल्याच आठवड्यात हुकूम आला, माळावरची मोठी झाडं मोजून नोंद पाठवा. माळ पायी फिरायचा होता. पण ते ऊन! त्या उन्हात माझ्या वहाणेचा तळ वितळून वाटेला चिकटला आणि मी चार पावलं नुसत्या पट्ट्यांवर चालून गेलो, मग कळलं. मी मागे फिरलो आणि चावडीच्या सावलीत बसलो. तिथं गावची गुरं चारणारे आबा बसले होते. वय साठ की नव्वद हे त्यांनाही माहीत नव्हतं, अंगात बंडी आणि डोक्याला हे एवढं मुंडासं. माळाची त्यांना खडान्‌खडा माहिती. मग उगाच दोघांनी कशाला उन्हात जायचं?

"आबा, माळावर मोठी झाडं कुठली?"

"अंजन."

"किती?"

"एक शे."

खानदेशी बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'. आबा सांगत होते, एक आहे. मला गावात येऊन पाच दिवस झाले होते आणि पाचही दिवस मी लोकांच्या तोंडाकडे बघून नुसती मान डोलवत होतो. मी ऐकलं ते 'एकशे', आणि पुढचा आकडा येईल म्हणून पेन्सिल धरून बसलो.

"एकशे किती?"

आबांना वाटलं, पोराला कमी ऐकू येतं. तोंडाशी दोन्ही हात धरून ते ओरडले, "एक! एक!"

मी लिहिलं: अंजन, एकशे एक.

आबा आपणहून म्हणाले, "म्हतारा शे. मना आजाना पहिलेना." म्हातारा आहे, आजाच्याही आधीचा, हे मात्र मला समजलं. मी पुढे लिहिलं: सर्व जुने.

नोंद गेली. आषाढात रेंजरसाहेब पाहणीला आले. माणूस बुटका, आवाज कोरडा, आणि बोलताना डोळ्यांची उघडझाप न करणारा. माळ तेव्हा हिरवा झाला होता. साहेब मधोमध उभे राहिले आणि त्यांनी चारी दिशांना सावकाश बघितलं. मुरमाकडच्या टोकाला एक अंजन उभा होता, तुरा काढून पाहुण्यांची वाट बघावी तसा.

"बाकीचे शंभर कुठं आहेत?"

"साहेब, पलीकडे असतील."

"पलीकडे धरणगाव आहे."

मी पायाखालचं गवत बघायला लागलो.

"माळ फिरून मोजलास?"

"फिरलो, साहेब."

"म्हणजे तू मोजलेस तेव्हा ते होते. आता नाहीत. मधल्या काळात राखायला तूच होतास." साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "न फिरता लिहिलं असशील तर ती खोटी नोंद. फिरून लिहिलं असशील तर चोरी. दोन्हींचा रस्ता तुझ्या घरीच जातो. महिन्यानं येतो, तोवर कुठला ते ठरवून ठेव."

नोकरी अजून कायम व्हायची होती. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी, आईनं गावात घरटी नारळ वाटला होता. आता लाकूडचोर म्हणून परत जायचं आणि तेवढे नारळ परत घ्यायचे, या विचारानं मला दोन दिवस भाकरी गिळेना. खानदेशात भाकरी न गिळणं लपत नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी माळावर गाठलं आणि विचारलं. मी सगळं सांगितलं.

आबा हसले. हसता हसता बसले, बसल्या बसल्या आडवे झाले. गुरं चरायची थांबून गोल करून बघायला लागली. एका बैलाला तर हुंदका आला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

"अरे कोकण्या! एक शे म्हंजे एक शे!"

"आता कळून काय उपयोग, आबा? नोकरी गेली."

आबांनी मुंडाशाच्या शेवटानं डोळे पुसले. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. "शंभर पाहिजेत ना तुले? चाल."

ते मला मुरमाकडे घेऊन गेले. काठीनं गवत बाजूला केलं. आत गुडघ्याएवढी, दोन-दोन जुळ्या पानांची एक कोवळी फांदी होती. चार पावलांवर दुसरी. मग तिसरी. रोज मी ती तुडवत होतो.

"ही रोपटी? यंदाच्या पावसात उगवली असतील."

"पोर नही शे ते. मनी उमरनं शे. खण."

मी कुदळ घेतली. वरती करंगळीएवढी फांदी, आणि वीतभर खाली माझ्या दंडाएवढं मूळ. त्याच्या माथ्यावर जळक्या खुंटांचे थर, एकावर एक, म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावर असाव्यात तशा घड्या. मी कमरेइतका खणत गेलो, मूळ सरळ खाली जात होतं. त्याचं टोक मला सापडलं नाही. तळाशी कान लावला असता तर पाताळातली माणसं त्याला बैल बांधताना ऐकू आली असती.

मग आबांनी त्या खड्ड्याच्या काठावर बसून मला जे सांगितलं, ते मी पुढे खात्यातल्या किती साहेबांना माझंच म्हणून सांगितलं, त्याची मोजदाद नाही. झाड दर पावसाळ्यात फुटतं. बकरी शेंडा खाते. त्यातून वाचलं तर होळीला माळ पेटतो आणि उरलेलं जळतं. मूळ जिवंत राहतं, पुढच्या पावसाला पुन्हा फुटतं. असं वर्षानुवर्षं. झाड मरत नाही आणि वाढतही नाही.

"पण काळ्या जमिनीत तर एकही नाही," मी म्हणालो. "जमीन तर ती चांगली."

"काळी जमीन उन्हाळामा फाटस. भेगमा पाय जाई इतली. मूळ तोडी टाकस. मुरूम फाटत नही."

"आणि पाऊस?"

"पाऊस झाड जन्माले घालस," आबा म्हणाले. "मोठं व्हवू देवानं का नही, ते आग ठरावस, बकरी ठरावस." मग जरा थांबून, "आन् गाव ठरावस."

महिन्यानं साहेब आले. मी त्यांना खरं सांगितलं: न फिरता लिहिलं, शब्द चुकीचा ऐकला. आणि माझी चूक पुरती पदरात घेऊन, आबांच्या सोबतीनं त्यांना त्या खड्ड्याशी नेलं. साहेब खड्ड्यात उतरले. मुळाला हात लावला, नखानं साल खरवडली, वास घेतला. बराच वेळ वर आले नाहीत. वरून फक्त त्यांची टोपी दिसत होती.

"या माळावर खात्यानं तीनदा रोपं लावली," खड्ड्यातून आवाज आला. "तीनदा मेली. आणि हे इथंच होतं."

वर येऊन त्यांनी कपडे झटकले. चेहरा पुन्हा कोरडा. "मी झाडं मागितली, तू मला मुळं दाखवतोस. मुळं मला नोंदीत धरता येत नाहीत. झाड कधी म्हणायचं याला?"

मी आबांकडे बघितलं. आबांनी काठी छातीशी आडवी धरली. "साहेब, आग आठेवरी येस." मग काठी डोक्यावर नेली. "आठेवरी गयं, का सुटनं."

"डोक्यावर. ठीक." साहेब म्हणाले. "तीन पावसाळे देतो. एकही रोप लावायचं नाही, आहेत तीच. माझ्या डोक्यावर गेलेलं झाड मी झाड म्हणेन. शंभर मोजून दे. तोवर तुझा नोंदीचा कागद माझ्याकडे राहील."

साहेब बुटके होते, हे माझं केवढं भाग्य. आदल्या रेंजरसाहेबांची उंची अशी होती की ते दारातून आत आल्यावर काही वेळानं त्यांची टोपी येत असे म्हणे.

आता गाव. मी पारावर उभा राहिलो आणि सरळ सांगितलं की यापुढे माळ पेटवायचा नाही. लोक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी श्वास घेऊ नका म्हणून सांगतोय. माळ पेटवला की आठ-पंधरा दिवसांत जळक्या बुडख्यांतून हिरवा कोंब येतो, भर उन्हाळ्यात तेवढाच ओला चारा, आणि गावचं दूध त्याच्यावर. शिवाय बकऱ्या. गावात बकऱ्यांचा सगळ्यात मोठा कळप अक्कांचा. अक्का म्हणजे आबांच्या शेजारच्या, आवाज असा की त्यांनी घरातून बकरी हाकारली तर एरंडोलच्या बाजारातली विकलेली बकरीसुद्धा दावं तोडून यायची.

"कोकण्या," अक्का म्हणाल्या, "तुनी नोकरीसाठे मन्या बकऱ्या काय वारा खातीन?"

"नाही अक्का, पण..."

"आन् त्या झाडनं काय करशी? दूध देई का ते?"

लोक हसले. मी घसा साफ करून कोकणातल्या घनदाट जंगलाबद्दल काहीतरी बोलायला लागलो, तर आबांनी मला खाली बसवलं.

"पेटवू नका म्हनू नको," ते मला म्हणाले. "दोन सालनं गवत साचनं, आन् तिसरा साल आग लागनी, तर तो मोठा अंजनबी जाई."

मग त्यांनी गावाला सांगितलं तो बेत असा. मुरमाकडचा पट्टा होळीला पेटवायचा नाही. दिवाळी झाली की लगेच, गवत अर्धं ओलं असतानाच, पट्ट्यापट्ट्यांनी पेटवायचा. त्याआधी गुरांनी तिथं पोटभर चरून घ्यायचं, म्हणजे जळायला कमी उरेल. गाय-बैल गवत खातात, शेंड्याला क्वचितच तोंड लावतात. बकरी शेंडाच शोधते, म्हणून बकऱ्या तेवढ्या काळ्या जमिनीकडे, बोरी-बाभळींत.

"तठे कोन लई जाई?" अक्कांनी विचारलं. "तठलोंग चिखल शे टोंगळाभर. मना गुडघा दुखस."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

अशा रीतीनं खाकी वर्दी, पितळी बिल्ला आणि पायताणाला शेर-शेर चिखल घेऊन सरकारी नोकरीत बकऱ्या चारणारा अख्ख्या राज्यातला मी एकमेव गार्ड झालो. बकऱ्यांनाही वर्दीचा मान कळत होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या शर्टाची बटणं खाल्ली, दुसऱ्या आठवड्यात हजेरीपुस्तक. पण पावसाळाभर मी त्यांना मुरमाकडे फिरकू दिलं नाही. भाकरी रोज अक्काच बांधून द्यायच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची, सोबत ठेचा. "नोकर ठेवा त खावाले देनं पडस," असं प्रत्येक वेळी ऐकवून.

दिवाळीनंतरची ती आग मी विसरणार नाही. मी पाण्याचे हंडे भरून, कमरेला ओलं फडकं बांधून मरायच्या तयारीनं उभा. आणि आग कसली? शेपूट पायात घातलेल्या कुत्र्यासारखी गवतातून सरपटत गेली, घोट्याच्या वर काही आली नाही. मध्येच एका ठिकाणी विझली तर आबांनी तिला पुन्हा फुंकर घालून उठवलं. झाडांचे शेंडे तसेच.

दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. मी पुन्हा भाकरी सोडायच्या बेतात. पाऊस नाही तर झाडं कुठली वाढणार? आणि झालं उलटंच. गवत गुडघ्याइतकंही आलं नाही, त्यामुळे झाडांना कोंडणारं, जळणारं काही उरलंच नाही. अंजनांनी मात्र खाली पाताळात पाय सोडलेले. दुष्काळात सगळा गाव खंगत होता आणि मुरमावरची पोरं माझ्या छातीला लागली. मला आनंद दाखवायची लाज वाटायची. गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. तरी एकाही माणसानं त्या पट्ट्यात कोयता घातला नाही. गुरांसाठी पाला नेला असता तर मी कुठल्या तोंडानं अडवलं असतं? कोणी नेला नाही.

तिसऱ्या पावसाळ्यानं सगळी बाकी भरून काढली. गवत इतकं वाढलं की त्यात शिरलेली म्हैस तीन दिवसांनी बाहेर आली, ती रेडकू घेऊन. दिवाळीनंतर पेटवलं तर ओलं गवत बऱ्याच ठिकाणी जळालंच नाही. ते तसंच उभं वाळलं. आणि फाल्गुनात, भर दुपारी, शेजारच्या गावच्या माळाची आग वाऱ्यावर बसून आमच्या हद्दीत आली.

ही आग सरपटत नव्हती. छातीएवढी होती, आणि तिचा आवाज मालगाडीसारखा. मी लिंबाची फांदी घेऊन धावलो, आणि माझ्या पुढे कोण? अक्का. गुडघ्याचं दुखणं घरी ठेवून, पदर खोचून, ओलं पोतं आपटत. मागून सगळा गाव. ज्यांना मी माळ पेटवू नका म्हणालो होतो, ती माणसं आग मारत होती. "कोकण्या, तिकडे! तिकडे मर!" असा मला हुकूम. दिवाळीत जळून गेलेल्या पट्ट्यांशी येऊन आग अडखळायची, आणि तिथं आम्ही तिला झोडायचो. ऊन कलेपर्यंत ती बसली. मी माझ्या झाडांकडे बघितलं तर खालची सगळी पानं करपलेली, खोडं काळी. मी हातातली फांदी टाकून दिली.

आबांनी काळ्या झालेल्या हातानं एका झाडाचा शेंडा खाली ओढला आणि अंगठ्याच्या नखानं साल काढली. आत हिरवं होतं.

चैत्रात त्या काळ्या खोडांच्या शेंड्यांना तांबूस पालवी आली आणि साहेब आले. गाव मागे उभा राहिला. साहेब प्रत्येक झाडापाशी जायचे, टाच जुळवून ताठ उभे राहायचे, आबा त्यांच्या डोक्यावर काठी आडवी धरायचे, आणि मग साहेब आकडा म्हणायचे. अर्धा दिवस हे चाललं. शहाण्णव झाले.

पुढची चार झाडं खुरटी होती. एक साहेबांच्या कानाला लागत होतं, एक खांद्याला. बाकीची दोन मी सांगत नाही. मी सगळीकडे नजर फिरवली. आणखी काही नव्हतं.

साहेबांनी टोपी काढली, विजारीचे गुडघे वर ओढले आणि सत्त्याण्णवाव्या झाडाशी धुळीत मांडी घालून बसले.

"आबा, काठी," ते म्हणाले.

आबांनी काठी धरली. झाड साहेबांच्या डोक्यावर हातभर वर होतं.

"सत्त्याण्णव."

असे ते चार वेळा बसले आणि चार वेळा उठले. चौथ्या वेळी उठताना त्यांना मी हात दिला. तो त्यांनी घेतला. माझा कागद खिशातून काढून त्यावर त्यांनी एक ओळ लिहिली: समक्ष पाहिले, झाडे बरोबर. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

त्या दिवशी मोजणी संपल्यावर अक्कांनी सगळ्यांना ओट्यावर चहाला बसवलं. चहा कोरा होता. होळीच्या जाळाचा हिरवा कोंब मुरमाकडे तीन उन्हाळे उगवला नव्हता, तेवढा चारा कमी आणि तेवढं दूध कमी. तीन उन्हाळे ते गाव माझ्या नोकरीपायी कोरा चहा पीत होतं, आणि ते त्या घटकेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ज्याच्या घरी गेलो तिथं माझ्या कपात मात्र दूध असायचं.

मी कप हातात धरून बसून राहिलो.

"पी ना," अक्का म्हणाल्या. "आज तूबी कोराच पी. आते तू पाहुना नही शे."